जमिनीचा रविवार

२१ एप्रिल २०२५, सोमवार

सही मागायला आले होते दोघं. विक्की आणि संघदीप. विक्की गोविंदादादाचा थोरला, संघदीप आमच्या भारतचा थोरला. एकाच मोटरसायकलवर आले! एरवी हे दोघे चुलतभाऊ एकमेकांचं तोंड बघत नाहीत. दारात त्यांना एकत्र पाहिलं आणि पहिलं मनात आलं – गावाकडं कुणी गेलं की काय.

विक्कीच्या खांद्यावर गोणी. चिंच, कैऱ्या, वर थोडी टेंभरं. "बुढा म्हणे, पहिले हे आत्याले दे, मंग सही-गिहीचं बोल." गोणी टेकवली आणि लगेच सही-गिहीचं बोलायला लागला.

हक्कसोडपत्र. बाबांचं वावर सात भाच्यांत वाटायचं ठरलंय. सातबाऱ्यावर माझंही नाव आहे – बाबा गेल्यावर तलाठ्यानं सगळ्या वारसांची नावं घातली त्यातलं. मी विसरूनही गेले होते.

"नुसतं नाव हाये आत्या, बाकी काही नाही," संघदीप म्हणाला.

"माहीत आहे रे."

चहा केला. विक्की बिस्किट बुडवतो आणि ते पडायच्या आत तोंडच कपापाशी नेतो – अगदी दादा! चौतिशीचा झाला. अजून लग्न नाही. कानामागं पांढरे केस दिसले.

"करते की सही," म्हणून टाकलं. माहेरचं मी कधी काही घेतलं नाही. भाऊबीजेची साडीसुद्धा दादाला बळेच स्वस्तातली आणायला लावते.

ते फाटकाबाहेर पडल्यावर सुचलं – सही केली की बाबांचा रविवार संपला! माझ्याच हातानं.

२२ एप्रिल

लिहून काढते. निदान मला तरी नीट दिसेल.

बाबांना चार एकर मिळालं ते १९७४ साली, सिलिंगमध्ये. एका मोठ्या शेतवाल्याचं जास्तीचं काढून सरकारनं वाटलं. त्याआधी आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या वावर होतं ते दुसऱ्याचं. नव्वद साली जाताना बाबांनी दोन्ही मुलांना सांगितलं – तुकडे करू नका. पाळी करा. एक साल अख्खं वावर गोविंदानं पेरायचं, एक साल भारतनं. आणि तिसरं साल कुणीच नाही. पडीत.

मी नव्हते तिथं. उर्वशी पोटात होती, डॉक्टरांनी बसचा प्रवास बंद केला होता. पोचले ती तिसऱ्या दिवशी. दादानं अंगणातच सांगितलं, "बाबानं असं असं लावून देल्लं. तिसरं साल पडीत." आणि घाईघाईनं बैलाला पाणी दाखवायला गेला.

तेव्हापासून पाडव्याला साल बदलतं. दादा, भारत, पडीत. दादा, भारत, पडीत. गावाला नवल. चार एकरवाला कुठं एक साल मोकळं सोडतो का! पण सोडलं दोघांनी. बाबांचा शब्द.

आता दादाचे तीन मुलगे. भारतचे चार. भारत तर गेलाही, सहा वर्षं झाली. दादा थकला. म्हणून दादाच्या सालात त्याची मुलं आळीपाळीनं, भारतच्या सालात त्याची. म्हणजे विक्कीची पाळी नऊ वर्षांनी! वीस साली आली होती, ती बोंडअळीनं खाल्ली. आता एकोणतीस साली. संघदीपची बारा वर्षांनी. त्याच्या सगळ्यांत धाकट्या भावाला अजून एकदाही वावर मिळालेलं नाही – तीस साली मिळेल.

मधली वर्षं काय करायचं? कुणी मारेगावात मोटरसायकली दुरुस्त करतो, कुणी वणीकडं ट्रकवर, कुणी लोकाचं वावर ठेक्यानं करतो.

यंदा पडीतचं साल. त्यांना हेच शेवटचं करायचंय.

त्यांचं चुकलं म्हणवत नाही. बरोबर म्हणवत नाही.

२७ एप्रिल, रविवार

रविवार आहे म्हणून ते सगळं आज जास्तच आठवतंय.

बाबा तेव्हा यवतमाळला सिस्टरांच्या बागेत कामाला होते. सिस्टर ॲग्नेसनं मला शाळेत घेतलं, बोर्डिंगमध्ये ठेवलं. मी नऊ वर्षांची. पहिल्याच आठवड्यात माझं 'मले-तुले' गेलं. सिस्टर मारत नसत, फक्त भुवई उंच करत. पुरे होई. आज गावी गेले की बाया माझ्याशी जपून बोलतात, जसं काही मी वह्याच तपासते आहे. (तपासल्याच म्हणा, तेहतीस वर्षं. त्याच शाळेत.)

एकदा मूल्यशिक्षणाच्या तासाला सिस्टरनी सांगितलं – सहा वर्षं जमीन पेरा, सातव्या वर्षी तिला विसावा द्या, असं देवानं सांगितलंय. नाताळच्या सुट्टीत मी घरी गेले. वावर मिळून एकच साल झालं होतं. बाबा धुऱ्याच्या बांधावर बसून वखराची लोखंडी पास घासत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी हात थांबवला.

"जमिनीलेही रविवार असते म्हंते?"

"हो! देवानं सांगितलंय."

"देव-गिव राहू दे. पण गोष्ट बरोबर हाये, बाई." आणि हसले. "मले त भेटत नाही रविवार. तिले त भेटो."

माझे बाबा! शाळेचं तोंड न पाहिलेले. बारा वर्षांच्या पोरीचं ऐकून त्यांनी ते पंधरा वर्षं मनात ठेवलं, आणि जाताना तिसरं साल जमिनीच्या नावानं सोडलं. बाबांच्या पुण्यतिथीला विहारात दरवर्षी मी हे सांगते. लोकांचे डोळे पाणावतात. दादा खाली मान घालून बसतो. भारतही तसाच बसायचा.

एकच कोडं मला कधी सुटलं नाही. सिस्टर म्हणाल्या होत्या सातवं साल. बाबांनी तिसरं का केलं? सातवं परवडलं असतं. तिसरं परवडत नव्हतं. पडीतच्या सालात भारत बायकोमुलांना घेऊन वीटभट्टीवर जायचा. संघदीप तिथंच चालायला शिकला.

बाबा हिशेबात इतके चुकणारे नव्हते.

३० एप्रिल

उर्वशीचा फोन, नागपूरहून.

"आई, सही करायची नाही. तुझा हक्क आहे तो."

"मला नकोय गं."

"नकोय तर रडतेस कशाला?"

"रडत नाहीये. चिंच फोडतेय. धूळ उडते."

"चिंचेची धूळ!" म्हणाली. वकिलाशी लग्न केल्यापासून ही साक्षीदारासारखं बोलायला लावते.

४ मे, रविवार

चिंच दोन किलो निघाली. छान लाल आहे. तीन वर्षांपूर्वी अशीच गोणी आली होती. मधली दोन वर्षं काही नाही. पडीतच्या सालात दादाला वेळ असतो बिचाऱ्याला, धुऱ्यावरची झाडं तेव्हाच झोडपत असेल.

६ मे

जयाचा फोन. जया म्हणजे दादाची मुलगी, विक्कीच्या पाठची… नाही, आधीची. चाळीस पूर्ण झाली. नवरा गेल्यावर सासरच्यांनी राहू दिलं नाही. नऊ वर्षं झाली दादाकडं आहे. चौदा बकऱ्या आहेत, तेवढंच तिचं. दादाचं जेवणखाण, औषधपाणी तीच बघते.

"आत्या, बकऱ्या सोडू का वावरात?"

"अगं, मला काय विचारतेस?"

"बाप म्हंते, आत्याले इचारल्याबिगर पाय ठेवू नको."

दरवेळी हेच. गेल्या पडीतलाही असाच फोन आला होता, गवत कापायच्या आधी. दादा जुन्या वळणाचा, मोठ्यांना विचारल्याशिवाय काही करायचं नाही. पण मी कसली मोठी! त्याच्याहून तेरा वर्षांनी लहान.

"सोड बाई सोड," म्हटलं. हसलो दोघी.

फोन ठेवल्यावर मात्र वाटलं – पुढच्या वेळी ही कुणाला विचारणार? सात जणांना?

१२ मे, सोमवार. बुद्धपौर्णिमा

गावी आले. विहारात वंदना झाली, खीर झाली, मुलं निळ्या टोप्या घालून नाचली. ऊन असं की पायरीवर पाऊल टेकवेना.

दुपारी दादाच्या अंगणात निंबाखाली सगळे बसले. सातांतले पाच होते. विक्की रंगात आला. मागच्या साली त्याला पाहायला आलेल्या पाव्हण्यांची नक्कल –

"पोरीचा बाप म्हंते, शेती किती? म्या म्हटलं, चार एकर. तो खूश! म्हंते, अमदा काय पेरलं मंग? म्या म्हटलं, अमदा नाही मामाजी, एकोणतीस साली पेरतो. बुढा चहा सोडून उठला!"

"तू सांगतंच कायले बे?" संघदीप म्हणाला. "माहीवाली तेहतीस साली हाये. मी त म्हंतो, शेती रोटेशनमंधी हाये. लोकाईले वाटते कालव्याचं पाणी असन!"

सगळे हसले. मीही हसले. विक्की सगळ्यांत मोठ्यानं हसला, आणि मग सगळ्यांच्या आधी थांबला.

जयानं मला आत बोलावून सांगितलं. आता एक मुलगी आहे, वर्षा नावाची. उमरखेडची. तिथं कापडाच्या दुकानात असते. विक्की ट्रकवर जायचा तेव्हाची ओळख. तिच्या मनात हाच आहे. तिचा बाप नाही म्हणत नाही, पण त्याचं एकच म्हणणं – "अर्धा एकर असो. पण नावावर असो, अन् दरसालचं असो."

दरसालचं असो. यात काय जास्त मागितलं त्यानं?

दादा खाटेवर बसून सगळं ऐकत होता. शहात्तरचा झाला, कान अजून शाबूत आहेत. मी शेजारी जाऊन बसले.

"दादा, तुला काय वाटतं? करू का सही?"

माझ्या हातावर हात ठेवला. "ऊन लागलं का तुले? तोंड लाल झालं."

"दादा, मी सहीचं विचारतेय."

"तू म्हणशीन तसं, बाई. तू म्हणशीन तसं." आणि जयाला ओरडला, "आत्याले सरबत दे वो!"

हा कधीच सरळ उत्तर देत नाही. लहानपणीही नाही. मला बोर्डिंगला पोचवायला आला होता, तेव्हा "परत कधी येशील?" विचारलं तर म्हणाला, "गेटापाशी चाफा हाये पाय!"

१३ मे

सकाळी उन्हाआधी जयाबरोबर वावरात गेले. यवतमाळची बस अकराला होती.

कपाशीची पऱ्हाटी उपटून नेलेली. पण तास अजून जमिनीत दिसतात, पेरलेल्या ओळींच्या रेघा. मी धुऱ्यानं चालत मोजले. छप्पन. जया हसत होती, "काय मोजून राह्यली आत्या?"

सातांनी भागलं. आठ. प्रत्येकाला आठ तास! त्यात दोन वाट्यांच्या मधे एक धुरा आला की सातच. या टोकापासून त्या टोकापर्यंत सात ओळी, गळ्यातल्या मफलरीसारखं वावर.

"एवढ्याशात बैलजोडी वळवायची कशी गं?"

"कोणापाशी हायेत बैल?" जया म्हणाली.

नाल्याच्या बाजूला बसलो. बकऱ्या धुऱ्यावरच्या बोरीला दोन पायांवर उभ्या. पडीतच्या सालात इथं कमरेएवढं गवत होतं, त्याच्यावर तिचं अख्खं वर्ष निघतं, कापून वाळवून ठेवलं तर पुढचंही थोडं. हे मला माहीतच नव्हतं. मी आपली पुण्यतिथीला येऊन विसाव्याची गोष्ट सांगते. जमीन कुणाला विसावा देते ते पाहिलं नव्हतं.

"वाटणी झाली तर तू बकऱ्या कुठं नेशील?"

"रोडच्या कडनं चारीन. नाई त इकून टाकीन." मग म्हणाली, "तू सही कर आत्या. विक्कीचं होऊन जाऊ दे. माह्यामुळं थांबू नको. मलेबी सही मागतली त्यानं, म्या हो म्हटलं."

"तुझा वाटा?"

माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच काहीतरी लहान मुलासारखं बोलले. "बहिणी घेतेत का कुठी?"

तिची नजर साफ होती. राग नव्हता तिच्यात. मला तिचा राग आला, राग नसल्याचा. आणि मग आठवलं की मीही घेतलं नाही, आणि मला त्याचा केवढा अभिमान आहे.

बस चुकली. दीडच्या गाडीनं आले.

१९ मे

काही सुचत नाही. सही करावी. करू नये.

२३ मे

आज ठरवलं – नाही करायची. बाबांनी एक गोष्ट मागे ठेवली, ती मी पुसू?

संध्याकाळी विक्कीचा मेसेज. फोटो. एक मुलगी दुकानाच्या गठ्ठ्यांपुढं उभी, ओढणी नीट करताना मधेच टिपलेली. खाली लिहिलंय: आत्या ही वर्षा.

एवढंच. सहीचं एक अक्षर नाही.

चांगली आहे मुलगी. नाक जरा बसकं आहे. डोळे हसरे.

२६ मे, सोमवार

सिस्टर ॲग्नेस असत्या तर त्यांना विचारलं असतं. त्या म्हणाल्या असत्या, प्रार्थना कर. बाबा म्हणाले असते, डोकं चालव. दोन्ही करून बघितलं!

पण खरं सांगायचं तर (इथं नाही तर कुठं?) मला जमिनीचं फारसं काही वाटत नाही. मला त्या गोष्टीचं वाटतं. बाबांनी माझं ऐकलं होतं, ही गोष्ट. आयुष्यात इतकं कुणीच माझं ऐकलं नाही. यांनी नाही, हेडमिस्ट्रेसनं नाही, उर्वशी तर नाहीच. सही केली की त्याचा पुरावा जाईल, असं काहीतरी.

म्हणजे सात मुलांचं पोट एका बाजूला, आणि म्हातारीची आठवण एका बाजूला.

लिहून झाल्यावर लाज वाटली.

२९ मे

एक मधला रस्ता सुचला आणि उत्साहानं विक्कीला फोन केला. म्हटलं, सही करते, पण एक वाटा जयाला द्या. सातांचे आठ करा.

तो हळूच म्हणाला, "होत नाही आत्या. म्या पहिलेच पायलं."

त्यानं पाहिलं होतं! हे मला ठाऊक नव्हतं.

"चार एकरात नाल्याचे सहा गुंठे खराब. उरले एकशे चौपन. सातात बावीस-बावीस येते. आठ केले त एकोणीस. अन् कोरडवाहूचा वीस गुंठ्याच्या आत तुकडा नोंदवतच नाही म्हंते."

"मग तू आणि तुझा भाऊ पिंटू मिळून एक घ्या…"

"मंग माह्या नावावर काय राह्यते, आत्या? तेच त मागून राह्यला तिचा बाप."

मागं कुठंतरी ट्रकचा हॉर्न.

"दोन गुंठ्यानं वाचलो आम्ही," विक्की म्हणाला. "जया एका गुंठ्यानं गेली."

पोरगा वाईट नाही. हेच सगळ्यांत कठीण आहे. यात कुणीच वाईट नाही! वाईट कुणी असतं तर मी कधीच ठरवून मोकळी झाले असते.

१ जून, रविवार

ठरलं. करते सही. पाच तारखेला, गुरुवारी, मारेगावच्या रजिस्ट्री कचेरीत. संघदीपनं वेळ घेतली आहे. दादा, मी, जया, सगळे.

बाबा मेले, त्यांना काही लागत नाही. वर्षाचा बाप जिवंत आहे. जयाला मी माझ्या पेन्शनीतून बघीन, किंवा इथंच आणीन लोहाऱ्याला. (चौदा बकऱ्यांसकट? समोरचे कुलकर्णी काय म्हणतील!) थट्टा सुचली म्हणजे ठरलं असावं.

पुण्यतिथीला आता काय सांगू, ते बघू.

३ जून

कपाटातून ऑफ-व्हाईट साडी काढून इस्त्री केली. निळ्या काठाची. सिस्टर म्हणायच्या, कठीण काम स्वच्छ कपड्यात करावं.

उर्वशी फोनवर बोलत नाहीये. फक्त 'ओके' पाठवलं.

५ जून, गुरुवार

सही केली नाही.

अर्जनवीसानं कागद वाचून दाखवला – "माझा एक तृतीयांश अविभक्त हिस्सा…" एक तृतीयांश? मी म्हटलं, नुसतं नाव आहे ना? तो म्हणाला, तीन वारस, तीन हिस्से, मॅडम. मी पेन उघडलं. तेव्हा दादा उभा राहिला. काठी न घेता.

"सही करशीन त कर, साधने. पण हे साल तुहं हाये, हे मालूम असून कर."

मला कळेचना.

"तिसरं साल बाबानं तुह्या नावानं ठेवलं. गोविंदाचं एक, भारतचं एक, साधनाचं एक. आम्ही खाल्लं नाही. पण सांगतलंबी नाही. वाटलं, वाटा मागायले येशीन तवा सांगू. तू त रविवारची गोष्ट सांगाले लागली. एवढी खूश होती तू! मंग तोंडच उघडलं नाही आमचं."

नव्वदपासून माझी अकरा सालं गेली, हे बारावं. भारत होता तोवर दर वेळी मुलांना घेऊन वीटभट्टीवर गेला – शेजारी चार एकर मोकळं, माझी वाट बघत. आणि मी विहारात उभी राहून त्याला जमिनीचा विसावा समजावत होते.

पेन बंद केलं. विक्की भिंतीकडं तोंड करून उभा. "पोरीच्या बापाले काय सांगू, आत्या?" म्हटलं, सांग, यंदा आत्याच्या सालात जया आणि मी पेरून राह्यलो, निम्मं निम्मं. पुढचं बसून ठरवू, पण बसू नऊ जण, सात नाही. त्यानं मोटरसायकलची किल्ली जयाच्या हातात दिली (चालवता येते तिला), बापाला सांभाळून बसव म्हणाला.

बाहेर चहाच्या टपरीवर मी जयाला म्हटलं, बकऱ्या काढ वावरातून. वखरायचं आहे.

ती बघतच राहिली. "इचारून राह्यली का सांगून राह्यली, आत्या?"

"सांगून राह्यली," म्हटलं.